सरळ माणसांचं मैदान

हिंगणीच्या पुढे, जंगल सुरू होतं तिथे, अठ्ठ्याहत्तर साली प्लायवूडचा एक कारखाना उभा राहिला. त्याचं नाव मी घेत नाही. घ्यावं असं त्यांनी काही केलंही नाही. आमचे हे, म्हणजे महादेवराव, तिथे स्टोअरकीपर होते. राहायला क्वार्टर, नळाला पाणी, दारात गुलमोहर. वडनेरच्या शेतकऱ्याच्या पोरीला आणखी काय पाहिजे, असं माझ्या माहेरच्यांना वाटायचं. मलाही वाटलं असतं, पण कारखान्याला एक गोल्फचं मैदान होतं.

मैदान म्हटलं की हिरवं काही डोळ्यांपुढे आणू नका. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर ते काळ्या ढेकळांचं रान होतं. त्यात नऊ भोकं पाडलेली. भोकाभोवती रेतीत इंजिनाचं जळकं तेल कालवून थापलेला एक गोल, त्याला ब्राऊन म्हणायचं. त्या ब्राऊनपर्यंत जायला दोन्ही अंगांनी गवत वाढवलेला एक अरुंद पट्टा, आणि त्या पट्ट्यावरून पांढरे बूट घातलेले पोट सुटलेले पुरुष हातात काठ्या घेऊन एका चेंडूमागे हिंडायचे. दर शनिवार-रविवार. माझे वडील रानडुकरांमागे हिंडायचे, पण त्यात पीक तरी वाचायचं.

मैदान काढलं होतं जनरल मॅनेजरांनी. त्यांना सगळे बडेसाहेब म्हणत. मुंबईकडचे, बारीक अंगाचे, नाकातून बोलणारे. कारखान्याने मालगुजाराकडून, म्हणजे जुन्या जमीनदाराकडून, जमीन घेतली तिच्यातला एक तुकडा उरला होता, एका बाजूला पाट आणि दुसऱ्या बाजूला टेकडी, मधे आखूड आणि चिंचोळा. त्यावर लांब टोला मारायला जागाच नव्हती. हे सरळ सांगायची साहेबांना लाज वाटायची, म्हणून त्यांनी त्याचं तत्त्वज्ञान केलं. दुसऱ्या क्लबांत ताकदीचा खेळ चालतो, आपल्याकडे नेमाचा. लांब मारणं ही गुंडगिरी, सरळ मारणं हे चारित्र्य. जो पट्टा सोडून वाकडा जाईल त्याला इथे क्षमा नाही, असं ते चहाचा कप हातात धरून सांगायचे आणि बाकीचे अधिकारी माना डोलवायचे. त्या माना डोलवणाऱ्यांत कारखान्याच्या सिमेंटमधून आपल्या गावी घर बांधणारेही होते. त्यांना ते चारित्र्य फारच पटायचं.

बडेसाहेब स्वतः मात्र खरोखर सरळ मारायचे. थोडंच मारायचे, पण पट्ट्याच्या मधोमध. मग चालत जायचे, पुन्हा मधोमध. चार वर्षांत त्या माणसाचा चेंडू पट्टा सोडून बाजूला गेलेला कोणी पाहिला नाही. आणि चेंडू गेला नाही म्हणून साहेबही गेले नाहीत. पट्ट्याच्या बाजूला काय आहे, तिथे काय वाढतं, कोण येतं-जातं, हे त्यांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं. सरळ माणसाला आजूबाजूचं दिसत नाही, आणि त्याचं त्याला कौतुक असतं.

आमचे हे क्लबचे सेक्रेटरी होते. पगार नाही, फक्त खोट्या मानाचं ओझं. यांचा चेंडू सरळही जायचा नाही आणि लांबही जायचा नाही. आठ-दहा पावलांवर पडून वर पाहायचा. पण खेळायला घेतात यातच यांची धन्यता. क्लबचा चहा-चिवडा आमच्या घरून जायचा, म्हणून मैदानावरचं सगळं मला कळायचं.

आता रुखमाचं सांगते, कारण गोष्ट तिची आहे.

पाटाच्या पलीकडे गोंडांची वस्ती होती. रुखमा तिथली. माझ्याच वयाची. चारोळी, मध, पळसाच्या पत्रावळी घेऊन वसाहतीत यायची आणि विकून झालं की माझ्या मागच्या ओट्यावर बसायची. घरी ती गोंडीत बोलायची, माझ्याशी आपल्या सगळ्यांसारखी मराठी. तिच्या नवऱ्याचा, नत्थूचा, लाकूडतोडीच्या कामात पाय चेंगरला होता. तो घरी बसून दोऱ्या वळायचा. घर चालायचं ते रुखमाच्या मजुरीवर आणि तिच्या मोहाच्या झाडांवर.

तिची म्हणजे तिचीच. त्या लोकांत मोहाची झाडं घरागणिक ठरलेली असतात. जमीन मालगुजाराची असो, सरकारची असो, झाडाखाली पडलेलं फूल त्या घराचं. रुखमाची चार झाडं तिच्या सासूकडून तिच्याकडे आली होती, आणि सासूकडे तिच्या सासूकडून. कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण अख्ख्या वस्तीत कोणती बाई कोणत्या झाडाखाली वाकेल हे पोरासोरांना ठाऊक. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवरचं भांडं उचलणं. जमीन विकली तेव्हा मालगुजाराने कारखान्याच्या लोकांना सगळ्यांदेखत सांगितलं होतं की झाडं तुमची, फुलं यांची. कारखान्याचे लोक हो म्हणाले. झाडाला फुलं असतात हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं, म्हणून हो म्हणायला त्यांना काही जड गेलं नाही.

रुखमाची ती चार झाडं मैदानाच्या शेवटच्या भोकाच्या वाटेवर उजव्या अंगाला आली.

मोहाचं काम कसं असतं ते सांगते. शिमग्याच्या सुमाराला बाया आपापल्या झाडाखालचा पाचोळा आणि वाळकं गवत गोळा करून पेटवतात. राख झाली की खराट्याने ती जागा झाडतात. खडा नाही, काडी नाही, अशी. मग पहाटे फुलं टपकायला लागतात आणि उजाडता उजाडता त्या टोपल्या घेऊन वेचतात. झाडलेली जागा नसेल तर ते फूल पाचोळ्यात जातं, माती खातं, सडतं. वाळवलेली फुलं रुखमा पावसाळ्यात काम नसेल तेव्हा शिजवायची. उरलेली विकून मीठ, मिरची, लुगडं. बियांचं तेल निघायचं ते वेगळं. तिचा पावसाळा त्या चार झाडांवर निघायचा. तिने मला हे रडून सांगितलं नव्हतं. आपण घरात ज्वारी किती आहे ते सांगतो तसं सांगितलं होतं.

ब्याऐंशी साली बडेसाहेबांच्या डोक्यात चॅम्पियनशिप शिरली. नागपूर, अमरावती, जबलपूरचे क्लब बोलवायचे, दोन दिवस सामने, कारखान्याचे चेअरमन बक्षीस द्यायला. नेमाचं मैदान कसं असतं ते लांब मारणाऱ्यांना एकदा दाखवून द्यायचं. शिमगा झाल्यावरची तारीख ठरली. यांनी घरी येऊन सांगितलं ते मुलीचं लग्न ठरल्यासारखं.

खर्चाला मांडव, जेवण आणि चांदीचा कप सेलूकडच्या रूपरावांनी द्यायचं कबूल केलं. रूपराव कारखान्याला लाकूड पुरवणारे ठेकेदार. अंगाने बैल, मनाने बनेल. लाकडाचा ठेका टिकवायला साहेबांच्या जवळ जायचं आणि जवळ जायला गोल्फ खेळायचं, हे त्यांनी एका वर्षात ओळखलं. काठी हातात घेतली की ते विटीला टोला हाणावा तसा चेंडूला हाणायचे. चेंडू जायचा मात्र! पाहणाऱ्यांच्या टोप्या पडाव्यात इतका दूर. फक्त कुठे जाईल ते देवाला ठाऊक. शेवटच्या भोकावर तर तो ठरल्यासारखा उजवीकडे वळून रुखमाच्या मोहांत शिरायचा आणि गुडघाभर गवतात दिसेनासा व्हायचा. पौष-माघाचे दिवस, पाचोळा साचलेला. रूपरावांनी तिथे चेंडू इतके हरवले की माणसांना द्याव्यात तशा ते त्या झाडांना शिव्या द्यायला लागले.

एका रविवारी चहा प्यायला सगळे बसले असताना रूपरावांनी विषय काढला.

"साहेब, ते मोहाचे झाडं मधात येतात. तोडून टाका ना. माह्ये माणसं फुकटात तोडून देतीन."

फुकटात म्हणजे लाकूड घेऊन. हे त्यांनी सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती.

"झाडं मधे येत नाहीत, रूपराव," बडेसाहेब म्हणाले. "तुमचा चेंडू झाडांत जातो."

त्या माणसाबद्दल मला बरं वाटलं ते तेवढंच एकदा. पण ते झाडांची बाजू घेत नव्हते, आपल्या मैदानाची घेत होते. झाडं गेली तर वाकड्याला शिक्षा कोण करणार? मग रूपराव हसले, आणि पुढचे काही दिवस लाकडाचे ट्रक उशिरा यायला लागले. कधी टायर फुटायचं, कधी ड्रायव्हर आजारी पडायचा. यांना स्टोअरमध्ये घाम फुटला. शेवटी सरळ माणसाने वाकडा रस्ता धरला. चॅम्पियनशिप होऊ द्या, मग कमिटी बसवू आणि ती झाडं अन्यायाची ठरली तर काढून टाकू, असं साहेबांनी कबूल केलं. लगेच ट्रकांचे टायर दुरुस्त झाले.

मी रुखमाला ओट्यावर बसवून हे सांगितलं. ऐकता ऐकता ती पत्रावळीच्या काडीने दात कोरत होती.

"नेम त्याचा चुकते, अन् झाडं माह्ये तोडतेत?" ती म्हणाली. "असं काऊन, बाई?"

मी हाच प्रश्न यांना विचारला. यांनी सांगितलं की हा पॉलिसीचा प्रश्न आहे. पॉलिसी म्हणजे काय ते मी विचारलं, तर हे आंघोळीला गेले. मग मी अबोला धरला. चहा-चिवडा क्लबला जायचा, पण मीठ कधी जास्त, कधी मुळीच नाही. शेवटी यांनी हात जोडले. कमिटीत झाडं राहावीत असं बोलीन, वाटलं तर आईची शपथ घेतो, म्हणाले. यांच्या आईची शपथ यांनी आजवर पुष्कळदा घेतली होती आणि सासूबाई ठणठणीत होत्या. तरी मी अबोला सोडला.

चॅम्पियनशिपच्या आधी साहेबांनी हुकूम काढला की पट्ट्याच्या बाजूचं गवत कोणी कापायचं नाही. वाढू द्यायचं. पाहुण्यांचा वाकडा चेंडू त्यात गेला की परत दिसता कामा नये. यांनी तो हुकूम माळ्यांना सांगितला, माळ्यांनी मान हलवली. वस्तीतल्या बायांना कोणी सांगितलं नाही, कारण त्या क्लबात नव्हत्या. शिमगा आला. रुखमाने दरवर्षीसारखा पाचोळा पेटवला, राख बसल्यावर जागा झाडली आणि खराटा खांद्यावर टाकून घरी गेली.

मी ते पाहिलं. संध्याकाळी यांना म्हटलं की मोहांखालचं गवत जळून गेलं, जागा माझ्या देवघरापुढच्यासारखी लख्ख आहे, तुमच्या साहेबांना चालेल का? हे पाहुण्यांच्या खोल्यांच्या चादरी मोजत होते. म्हणाले, साहेबांनी वाढवायला सांगितलं, मी वाढवायला सांगितलं, म्हणजे वाढलंच असेल. जाऊन पाहायची यांना गरज वाटली नाही. साहेबांचा चेंडू तिथे जात नव्हता कारण तो सरळ जायचा. यांचा जात नव्हता कारण तो तेवढा दूर पोचतच नव्हता. मीही दुसऱ्यांदा सांगितलं नाही. एकदा सांगितलेलं ज्याला ऐकू जात नाही त्याच्यासाठी मी घसा का कोरडा करू?

सामने सुरू झाले. नागपूर-जबलपूरचे खेळाडू पहिल्याच दिवशी रडकुंडीला आले. त्यांना मोकळ्या मैदानांची सवय. इथे लांब मारलं की चेंडू पाटात, नाहीतर टेकडीवरच्या घाणेरीच्या झुडपांत. काटे अंगाला लावून ते मोठमोठे अधिकारी चेंडू शोधत होते आणि बडेसाहेब आपला खेळ आटोपून मांडवात बसून त्यांच्याकडे पाहात होते, ते मास्तर नापास पोरांकडे पाहतो तसे. जेवणाच्या पंगतीत त्यांनी पुन्हा चारित्र्याचं भाषण केलं. पाहुण्यांनी पुऱ्या जास्त खाऊन त्याचा सूड घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोनच माणसं पुढे राहिली. एक बडेसाहेब. दुसरे रूपराव. रूपराव कसे, हे ऐकण्यासारखं आहे. त्या खेळात नवशिक्याला सूट द्यायची पद्धत आहे; त्याचे काही टोले मोजत नाहीत. ती सूट किती हे सेक्रेटरीने ठरवायचं. लाकडाचे ट्रक वेळेवर यावेत म्हणून आमच्या यांनी रूपरावांना ती इतकी दिली होती की माझी म्हातारी सासू उभी राहिली असती तरी तिसरा नंबर पक्का होता. बडेसाहेबांनी त्यावर सही केली होती. रूपराव जिंकतील हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. वाकड्या माणसाला ते मैदान जिंकूच देणार नाही, हा त्यांचा देवावरचा विश्वास होता.

शेवटच्या भोकाशी दोघे बरोबरीत आले. मांडवातले सगळे उठून उभे राहिले. चेअरमन झोपले होते, त्यांना उठवलं. मी चहाच्या किटलीपाशी होते, पण माझं लक्ष त्या चार झाडांकडे होतं. आज रूपराव हरले आणि त्या झाडांमुळे हरले, तर उद्या कमिटीत काय होईल हे मला दिसत होतं.

बडेसाहेबांनी मारलं. सरळ, मधोमध, नेहमीसारखं. टाळ्या पडल्या. मग रूपरावांनी बाह्या वर केल्या आणि हाणला. चेंडू वर गेला, उजवीकडे वळला आणि रुखमाच्या मोहांत शिरला. मांडवातून हळहळ निघाली. रूपरावांनी झाडांना सर्वांदेखत आईवरून शिवी दिली. चेअरमन इंग्रजीत काहीतरी पुटपुटले.

दोघे आपापल्या चेंडूकडे चालत गेले. बडेसाहेबांचा चेंडू पट्ट्याच्या अगदी मधे होता, पण मधे म्हणजे काळ्या जमिनीतल्या भेगेत. चैत्र तोंडावर आला की आपली काळी जमीन कशी उलते ते वडनेरच्या कोणत्याही म्हशीला ठाऊक आहे. पट्ट्यावर पायवाट पडून तर ती आणखी उललेली. चेंडू जिथे पडला तिथूनच मारायचा, उचलायचा नाही, असा नियम साहेबांनी स्वतः क्लबच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतला होता. आता उचलणार कसा? त्यांनी काठीने भेगेत खुपसलं. ढेकूळ उडालं, चेंडू आणखी आत गेला. पुन्हा मारलं. मग तो बाहेर आला, पण कसा, मेलेल्या उंदरासारखा.

तिकडे रूपराव झाडांखाली वाकले आणि वाकलेलेच राहिले. त्यांचा चेंडू झाडलेल्या, काळ्याभोर, गुळगुळीत जागेवर एकटा पडला होता. सकाळची फुलं रुखमाने कधीच वेचून नेली होती. ना गवत, ना पाचोळा, ना एक काडी. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, हसले, आणि या वेळी हळूच मारलं. चेंडू ब्राऊनवर, अगदी भोकाशी जाऊन बसला.

रूपराव जिंकले.

बडेसाहेबांचा चेहरा जळक्या तेलाच्या रंगाचा झाला होता. ते आयुष्यात पहिल्यांदा पट्टा सोडून मोहांखाली गेले, जमिनीकडे पाहात उभे राहिले आणि यांना हाक मारली. हे धावत गेले. किटली घेऊन मीही मागून गेले, मला कोणी अडवलं नाही. हे कोणी झाडलं, असं साहेबांनी विचारलं. यांनी घाम पुसत सांगितलं की त्या वस्तीतल्या बाया झाडतात, साहेब, दर साली झाडतात. दर साली, हे ऐकून साहेबांना चेंडू भेगेत गेल्यापेक्षा जास्त लागलं असावं. चार वर्षं ज्या शिक्षेची ते भाषणं देत होते, ती दर शिमग्याला एक बाई खराट्याने झाडून टाकत होती.

बक्षीस समारंभात रूपरावांनी कप डोक्यावर धरला आणि भाषण केलं. म्हणाले, या झाडांना मी लय शिव्या देल्या, आता मी त्यायची माफी मांगतो. हे झाडं माही लक्ष्मी हाय. यातल्या एका फांदीलेही मी हात लावू देनार नाई. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी रुखमा आली तेव्हा मी तिच्या हातावर पेढा ठेवला आणि झाडं वाचली असं सांगितलं. तिने पेढा अर्धा खाल्ला आणि अर्धा नत्थूसाठी पदरात बांधला.

कमिटी दोन दिवसांनी आमच्याच व्हरांड्यात बसली, कारण क्लबचा मांडव निघाला होता आणि चहा आमच्याकडे होता. बडेसाहेब, रूपराव आणि टिपणाला हे. झाडं तोडायचा प्रश्न राहिलाच नव्हता. रूपरावांना आता तिथे आपल्या विजयाची आठवण उभारायची होती. झाडांभोवती चांगली काटेरी तार, मधे संगमरवरी पाटी, त्यावर त्यांचं नाव आणि साल. ती जागा जशी आहे तशी राहावी, पायदळी तुडवली जाऊ नये. बडेसाहेबांनाही तारच पाहिजे होती, पण उलट्या कारणासाठी. तिथे कोणी पाय ठेवू नये, खराटा लावू नये, गवत पुन्हा कंबरेइतकं वाढावं, म्हणजे पुढच्या वर्षी वाकड्याला वाकड्याचं फळ मिळेल. दोघांनी एकमेकांची कारणं ऐकलीच नाहीत. तारेवर एकमत झालं आणि दोघांनी हात मिळवले. एक फाटक आणि एक चौकीदारही ठरला. हे टिपून घेत होते.

मी चहा ठेवता ठेवता विचारलं की मग फुलं कोण वेचणार.

"फुलं?" बडेसाहेब म्हणाले. "कसली फुलं?"

चार वर्षं हा माणूस त्या झाडांजवळून जात होता.

रूपरावांना मात्र सगळं ठाऊक होतं. ते इथलेच होते. त्यांच्या आजोबांच्या शेतातल्या मोहाची फुलं कोणत्या घरची होती तेही त्यांना सांगता आलं असतं. त्यांनी बशीत चहा ओतला.

"वहिनी, जंगलात मोहाची काय कमी हाय का? दुसऱ्या झाडाखाली येचंल ते."

"ते झाडं दुसऱ्यायचे हायेत," मी म्हटलं. "तुमाले मालूम हाय, भाऊ."

त्यांनी चहा फुर्रकन ओढला आणि चहा झकास झाला म्हणाले. यांनी माझ्याकडे डोळे वटारले. मी आत गेले.

रात्री जेवताना हे खुशीत होते. झाडं वाचली, साहेब आणि रूपराव दोघंही खूश, कोणाचंच मन मोडलं नाही, आणि हे सगळं यांच्यामुळे, असं यांचं म्हणणं पडलं. "मी आईची शपथ पाळली की नाई?" असं यांनी मला विचारलं. मी यांच्या ताटात भाकरी टाकली. असा माणूस मारून टाकता येत नाही आणि त्याच्याशी भांडताही येत नाही. तो आपल्यालाच पाणी आणून देतो.

तार दोन दिवसांत लागली. कारखान्यात पगार उशिरा व्हायचे, पंखे दुरुस्त व्हायचे नाहीत, पण तार लागली. चौकीदार बाहेरचा ठेवला होता, वस्तीतल्या कोणाची ओळख नसलेला. रुखमा पहिल्या पहाटे आली तेव्हा त्याने तिला हाकललं. दुसऱ्या पहाटे ती नत्थूला घेऊन आली. तो कुबडीवर उभा राहून चौकीदाराला समजावत राहिला की हे झाडं आमच्या घरचे हायेत. चौकीदाराला आमचं बोलणं धड कळत नव्हतं. त्याला तार कळत होती.

फुलांचा भर होता. कोणी वेचत नाही म्हणून ती तिथेच पडून आंबायला लागली. सकाळी वाऱ्याबरोबर तो उग्र वास वसाहतीत यायचा आणि अधिकाऱ्यांच्या बायका नाकाला पदर लावून खिडक्या बंद करायच्या. एकीने मला विचारलं की इथे कुठे दारूची भट्टी लागली आहे का. मी म्हटलं, लागली आहे, दोन मोठ्या माणसांनी मिळून लावली आहे. तिला ते कळलं नाही.

पुढच्या सोमवारी उजाडता उजाडता मी पाटाच्या बाजूने तारेपाशी गेले. वस्तीतल्या बाकीच्या बाया जंगलात आपापल्या झाडांखाली वेचत होत्या; त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. रुखमा एकटी तारेबाहेर टोपली खाली ठेवून उभी होती. त्यांच्यात जाऊन दुसरीच्या झाडाखालचं एक फूलही तिने उचललं नसतं, आणि कोणी दिलं असतं तर घेतलं नसतं. तारेच्या आत तिच्या झाडलेल्या जागेवर फुलांचा थर साचला होता, खालचा काळा पडलेला, वरचा नवा.

मला काहीतरी बोलायला पाहिजे होतं. झाडं उभी आहेत, दम धर, पुढच्या वर्षी साहेब बदलतील, मी यांना फाटक उघडायला लावीन, असलं काहीबाही मी बोलले. ती माझ्याकडे न पाहता ऐकत होती.

"तोडले असते तं बरं झालं असतं, बाई," ती म्हणाली. "सरपण तरी भेटलं असतं."

तिने रिकामी टोपली उचलली आणि पाटाकडे निघून गेली. आत फुलं पडतच होती.